थेंब घालण्याआधी

लोणावळ्यापासून पवनेच्या धरणापर्यंतच्या गावांत माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. मी ‘बॅटरीवाल्या बाई’. सरकारी कागदावर माझं पद ‘नेत्र चिकित्सा अधिकारी’ असं होतं, पण त्यातल्या ‘अधिकारी’वर जाऊ नका. ऑपरेशन करतात ते डॉक्टर वेगळे. आम्ही त्यांच्या आधीची आणि नंतरची माणसं. चष्म्याचा नंबर काढायचा, गावोगाव शिबिरं भरवायची, मोतीबिंदूवाले निवडून गाडीत बसवायचे, ऑपरेशन झालं की पट्टी सोडायची. एकतीस वर्षं हेच केलं. तोंडाने मी पहिल्यापासून फटकळ, त्यामुळे म्हाताऱ्यांचं आणि माझं छान जमायचं. तरण्यांचं कमी.

संपादकांनी नोकरीतले गमतीचे अनुभव मागितले आहेत. गमतीचा एक देते, अभिमानाचा एक देते. तिसरा यांतला कुठलाच नाही. खरं तर तो लिहायचा म्हणूनच मी हो म्हटलं.

आधी थोडं शिकवते. डोळ्याच्या मधोमध जे काळं गोल दिसतं ती बाहुली. ती वस्तू नाही, भोक आहे, उजेड आत जाण्यासाठी ठेवलेलं. उजेड वाढला की ते आकसतं, कमी झाला की पसरतं. आपण ठरवून काही करायचं नसतं, आणि ठरवलं तरी करता येत नाही. उजेडाची खबर आत मेंदूकडे जाते, तिथून हुकूम सुटतो, बाहुली आकसते, आणि हे सगळं पापणी लवते न लवते तोवर उरकतं. त्यामुळे बाहुलीवर बॅटरी मारली की डोळ्याबरोबर मेंदूचीही थोडी खबर लागते. आम्हाला शिकवणारे सर म्हणायचे, दारावर थाप मारा, आतून ओ येते का आणि किती वेळानं येते ते ऐका. नुसती ओ आली म्हणून पुढच्या दाराकडे पळू नका.

खंडाळ्याच्या एका बंगल्यावरचा राखणदार डावा डोळा गेल्याचा दाखला मागायला आला होता. फणसावरून पडलो म्हणाला. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा त्याला दिसेना. उजवा डोळा झाकून डाव्यासमोर हात हलवला तर माणूस ढिम्म. मग बॅटरी मारली. बाहुली पटकन आकसली. पुन्हा मारली, पुन्हा तशीच. मी म्हटलं, दादा, तुमचा डोळा तुमच्यासारखं बोलत नाहीये. तो उठला आणि बाहेर जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आला. दाखल्याचा विषय त्यानं परत काढला नाही आणि मीही काढला नाही.

वलवणचे मुनीरचाचा शिंपी. सुईत दोरा जात नाही, नंबर वाढलाय, एवढीच तक्रार. बॅटरी मारली तर डावी बाहुली व्यवस्थित आणि उजवी मोठी, सुस्त. विचारलं, डोकं दुखतं का? दुखतं थोडं, म्हणाले. खोदून विचारल्यावर सांगितलं, पंधरा दिवसांपूर्वी माळ्यावरची पेटी काढताना शिडीवरून पडले होते. मी चष्म्याचा कागद बाजूला सारला आणि त्यांच्या मुलाला म्हटलं, आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या, वाटेत चहालाही थांबू नका. मेंदूवर रक्त साकळलं होतं. वाचले. दोनेक महिन्यांनी डोक्यावरची जखम टोपीनं झाकून आले आणि पँटच्या उरलेल्या कापडाची एक खोळ माझ्या हातात ठेवली, बॅटरीसाठी, गळ्यात अडकवायच्या नाडीसकट. म्हणाले, या बॅटरीला जपा बाई, गारठ्यात उघडी ठेवू नका. ती खोळ अजून माझ्याकडे आहे. पुढच्या गोष्टीत ती येणार आहे, म्हणून सांगून ठेवलं.

आता शिबिरांबद्दल. शाळेचे दोन वर्ग, बाहेर पटांगणात सतरंजी, आणि सकाळी आठपासून रांग. म्हातारी माणसं सहाला येऊन बसायची. ऑपरेशनला कोण घ्यायचा हे ठरवायला डॉक्टरांना बाहुलीतून आत बघावं लागतं, म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. ते थेंब चढायला अर्धा तास जातो. तेवढा वेळ शिबिराचे डॉक्टर, आमचे सर, नुसते बसून राहायचे आणि चिडायचे. मग मी डोकं चालवलं. रांग पटांगणात असतानाच पन्नाशीवरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांत थेंब घालून टाकायचे आणि कपाळावर चिकटपट्टीचा बारका तुकडा लावायचा. पट्टी दिसली की थेंब घातलेले आहेत हे कळतं, पुन्हा पुन्हा घातले जात नाहीत. माणूस टेबलापाशी पोचेपर्यंत बाहुली तयार. पाचपर्यंत चालणारं शिबिर दोनला संपू लागलं. बैठकीत माझं कौतुक झालं. शेजारच्या तालुक्यातले लोक येऊन माझी रांग बघून गेले. मी तेव्हा किती फुगले होते हे आठवलं की आज लाज वाटते.

थेंब घातले की बाहुली कित्येक तास बधिर होते. मग कितीही बॅटरी मारा, ती हलत नाही. म्हणून बॅटरी आधी आणि थेंब नंतर, हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. मला ते येत नव्हतं असं नाही. पहिली दोन-तीन शिबिरं मी रांगेतच एकेकाच्या डोळ्यात बॅटरी मारत गेलेही. पण पटांगणात ऊन. भर उन्हात बाहुल्या आधीच आकसलेल्या, बॅटरीनं काय कळणार? एकेकाला सावलीत न्यायचं तर रांग मोडते. मग ते सुटलं. वहीत ‘बाहुलीचा प्रतिसाद’ असा एक रकाना असायचा. पानावरच्या पहिल्या माणसाला मी आत नेऊन नीट बघायची, ‘ठीक’ लिहायची आणि खाली पानभर डिट्टोच्या खुणा करायची. बॅटरी खोळीत, खोळ गळ्यात. अशी सात-आठ वर्षं गेली.

करोनाच्या आधीच्या एका हिवाळ्यात तिकोणा पेठेतून कोंडीबाआबा आपल्या बायकोला घेऊन आले. हौसाबाई त्यांचं नाव. सत्तरीच्या आसपासची दोघं. भातशेती, एक म्हैस, मूलबाळ नाही, शेजारी पुतण्याचं घर. आबांनी बायकोचं मनगट धरलं होतं आणि रांगेत बसल्यावरही सोडलं नाही. काय त्रास, म्हटल्यावर आबाच बोलले, ‘‘हिला दिसत न्हाई. माणूस वळखत न्हाई. भाजीत दोनदा मीठ घालती. परवा सख्खी भन आली, तर तिलाच म्हनली, कुनाची गं तू.’’

मी लिहून घेतलं, नजर फार कमी. आमच्या भागात माणूस ओळखू येईना म्हणजे डोळे गेले, असंच धरतात. इतकी वर्षं या भागात राहून मीही तसंच धरायला लागले होते. थेंब घालताना हौसाबाईंनी माझी हनुवटी धरून विचारलं, बाळ, तू कुनाची? मी नाव सांगितलं. पट्टी चिकटवताना पुन्हा तेच, आणि तक्त्यापाशी बसवलं तेव्हा तिसऱ्यांदा. मी वैतागून म्हटलं, सरकारची आहे मावशी, सरकारची. रांग हसली. त्याही हसल्या, सगळे हसतायत म्हणून.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे तीन पायांच्या खुणेचा तक्ता असतो. पाय ज्या बाजूला, तिकडं हात करायचा. मी नमुना म्हणून उजवीकडे हात केला. हौसाबाईंनी उजवीकडे हात केला आणि मग प्रत्येक खुणेला उजवीकडेच करत राहिल्या. मी समजले, घाबरल्या आहेत आणि दिसतही नाहीये. मोतीबिंदू होताच, त्या वयात कोणाला नसतो? सरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लिहिलं. बाहुलीच्या रकान्यात माझी डिट्टोची खूण कधीच पडून गेली होती.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडायची. हा माझा आवडता प्रसंग आणि तो मी जरा नाटकीपणानं करायची, कबूल करते. घरचं सगळ्यात जवळचं माणूस समोर उभं करायचं, पट्टी सोडायची आणि विचारायचं, सांगा, कोण आलंय? लोक रडायचे, हसायचे, सासरे सुनांना पहिल्यांदा नीट बघायचे. मी आबांना समोर उभं केलं. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. पट्टी सोडली. हौसाबाईंनी दोनदा डोळा मिटला, उघडला, आणि हात पुढं करून माझ्या खांद्यावरचा कापसाचा एक तंतू दोन बोटांत नेमका उचलून घेतला. मी खूश झाले. एवढा बारीक तंतू दिसला म्हणजे तक्त्याची गरजच नाही.

मग त्यांनी समोर पाहिलं. आबांकडे बघितलं, झटकन पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि बाजूला सरकून मला हळूच म्हणाल्या, ‘‘पाव्हनं कवाचं हुबं हायती, बसाया द्या की त्यास्नी.’’

वॉर्डात कोणी हसलं नाही. आबा माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं कळलंही होतं. पण खाली गाडी उभी होती, अजून अकरा पट्ट्या सोडायच्या होत्या आणि यशस्वी ऑपरेशन मला माझ्या हातानं बिघडवायचं नव्हतं. मी म्हटलं, आबा, नजर बसायला वेळ लागतो. महिन्यानं चष्मा देऊ, मग सगळं ओळखतील. आणि मग माझं ठरलेलं भाषण केलं, जे मी प्रत्येकाच्या घरच्यांना करायची. आठ दिवस डोळ्याला पाणी लागू देऊ नका. त्यानंतर मात्र यांना बांधून ठेवू नका. आता दिसतंय. हिंडू द्या, फिरू द्या, आपली कामं आपण करू द्या. सारखा हात धरून ठेवला तर माणूस पांगळा होतो.

आबांनी मान हलवली. ते माझं ऐकणार होते. गावातली माणसं डॉक्टरांपेक्षा माझं जास्त ऐकायची, याचाही मला अभिमान होता.

महिन्यानं चष्मे वाटायला आम्ही पवनानगरला बसलो होतो. आबा रांगेत एकटेच होते. त्यांचा नंबर आल्यावर मी हौसाबाईंचं नाव लिहिलेली चष्म्याची डबी काढली आणि म्हटलं, मावशींना नाही आणलं? मापाला त्या स्वतः लागतात.

‘‘चष्मा नगं बाई. ती न्हाई आता.’’

मागच्या माणसानं मला सांगितलं, आबांनी नाही. ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. सकाळी आबा म्हशीला वैरण टाकायला गोठ्यात गेले तेवढ्यात हौसाबाई घरातून निघाल्या. वाटेत पाण्याला गेलेल्या बायका भेटल्या. काकू, कुटं निघालात? मायेरी, म्हणाल्या. बायका हसल्या. हौसाबाईंचं माहेर धरणात गेलेलं गाव. धरण भरलं तेव्हा त्या नुकत्या लग्न होऊन आलेल्या. आता पन्नास वर्षं तिथं पाणीच आहे, हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे म्हातारी थट्टा करतेय असं बायकांना वाटलं. पूर्वी त्या एकट्या दिसल्या असत्या तर कोणीही हात धरून घरी आणून सोडलं असतं, वर्षभर सगळे तसंच करत होते. पण आता त्यांना दिसत होतं. तीन-साडेतीन किलोमीटरची पायवाट, मधे दोन ओढे, बांध, दगड. कुठं ठेच लागली नाही की काही नाही. दुसऱ्या दिवशी मासेमारी करणाऱ्यांना त्या पाण्यात सापडल्या.

आबा टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. म्हणाले, ‘‘बाई, येकच इचारतो. तिला दिसत व्हतं न्हवं?’’

रांगेतले सगळे ऐकत होते. मी म्हटलं, दिसत होतं आबा. स्वच्छ दिसत होतं.

ते खरं होतं. पण मी ते खरं म्हणून बोलले नाही, ऑपरेशनला बोल लागू नये म्हणून बोलले. पुढच्या रांगेत ऑपरेशनला नाव दिलेली माणसं बसली होती. आबा म्हणाले, मग म्याच ध्यान ठेवाया पायजे व्हतं. त्यावर मला म्हणता आलं असतं, की आबा, हात सोडा असं तुम्हाला मी सांगितलं होतं. मी म्हटलं नाही. पुढचं नाव पुकारलं. डबी परत पेटीत ठेवली.

यानंतर मी थेंबांची युक्ती बंद केली असं लिहायला मला आवडलं असतं. पण केली नाही. दोन गोष्टींचा संबंध मला तेव्हा लागलाच नव्हता. म्हातारीला चकवा लागला, असं गावानं म्हटलं आणि मीही तेवढ्यावर समाधान मानलं. निवृत्त होईपर्यंत रांगेत थेंब पडत राहिले.

निवृत्तीनंतर लोणावळ्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे मी आठवड्यातून दोन दिवस मदतीला बसते. दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी एक यंत्र आणलं. दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं, ते उजेडाचा एक झोत सोडतं आणि बाहुली किती आकसली, किती वेळात आकसली, पुन्हा पसरायला किती वेळ लागला, हे आकड्यांत सांगतं. जे मी बॅटरीनं अंदाजानं बघायची तेच, फक्त नीट मोजून. बाई म्हणाल्या, विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाहुल्या उजेडाला वेगळं वागतात का, मंद होतात का, यावर हल्ली पुष्कळ काम चाललं आहे. अजून पक्कं कोणी सांगत नाही. वयानं बाहुली मंदावते, साखरेच्या दुखण्यानं मंदावते, कसल्या कसल्या गोळ्यांनीही मंदावते. त्यामुळे नुसत्या बाहुलीवरून कोणाला विसरभोळं ठरवायचं नाही. पण मंद दिसली तर आपण चार प्रश्न जास्त विचारतो की नाही? तेवढाच त्याचा उपयोग, असं त्या म्हणाल्या.

चार प्रश्न. मी घरी आले आणि जुन्या वह्यांची पेटी काढली. शिबिराच्या वहीची एक नक्कल मी नेहमी माझ्याकडे ठेवायची. हौसाबाईंचं पान सापडलं. नाव, गाव, वय, मोतीबिंदू, आणि बाहुलीच्या रकान्यात डिट्टो. मी बोट वर वर नेत गेले. पानाच्या डोक्यावर कोणा एका पंचावन्न वर्षांच्या माणसाचं नाव होतं आणि त्याच्यापुढं ‘ठीक’. त्या माणसाची बाहुली ठीक होती म्हणून हौसाबाईंची ठीक. त्यांचे डोळे थेंबांआधी सावलीत बसून मी पाहिले असते, तर बाहुली कदाचित मंद दिसली असती, कदाचित नसतीही. पण पाच मिनिटं मी त्यांच्यासमोर बसले असते. तीनदा ‘तू कुनाची’ असं विचारणाऱ्या बाईला मी पाच मिनिटांत ओळखलं असतं, इतकी वर्षं काही मी झोपा काढल्या नव्हत्या. मग ऑपरेशन झालंही असतं. पण हात सोडू नका, असं सांगितलं असतं.

गेल्या हिवाळ्यात मी तिकोणा पेठेला गेले. आबांना सांगून टाकायचं, एवढंच ठरवलं होतं. पुढं काय होईल ते होवो.

आबा ओट्यावर बसले होते. खूप वाळले होते. मी आवाज दिल्यावर ओळखलं. यष्टीनं आलात? म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी स्वतः चहा केला. मी तो हातात धरून सगळं सांगितलं. थेंब, चिकटपट्टी, डिट्टो, पट्टी सोडल्यावर मला जे कळूनही मी बोलले नाही ते, आणि हात सोडा असं मी सांगितलं होतं ते. म्हटलं, आबा, चूक तुमची नव्हती, माझी होती. मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा रडतील. मी दोन्हीची तयारी करून आले होते.

आबांनी कप खाली ठेवला. ‘‘मला ठावं व्हतं बाई,’’ म्हणाले. ‘‘तुमच्याकडं याच्या आदी दोन वर्सं. लावनी चालली व्हती, ती मधीच थांबली आन् मला म्हनली, तुमी कुनाचं? तवाच कळलं. डोळं न्हवतं गेलं तिचं.’’

मग डोळ्यांचं का सांगितलंत, म्हणून मी विचारलं. माझा आवाज चढला होता, तो मला आवरला नाही.

‘‘डोळं गेलं म्हनलं की लोक हात धरत्यात. डोस्कं गेलं म्हनलं की पोरं दगडं मारत्यात, नायतर द्येवऋषी आनत्यात. म्या समद्यास्नी डोळंच सांगितलं. लय जपलं लोकांनी तिला. बारकी पोरंबी हात धरून घरी आनायची.’’ पुढं म्हणाले, ‘‘मग तुमी म्हनला, आपरेशन करू. नगं कसं म्हननार? म्हनलं, झालंच बरं तर झालं.’’

म्हणजे त्यांनी मला खोटं सांगितलं होतं, मी वहीत खोटं लिहिलं होतं, आणि दोन्ही खोटी एकमेकांना बरोबर जुळली होती. गावानं तिचा हात धरला होता तो डोळ्यांसाठी. डोळे आम्ही दुरुस्त करून दिले आणि गावानं हात सोडला. मी तिथं ओट्यावर बसून रडले. आबा मला म्हणाले, चहा घ्या, निवतोय. मग म्हणाले, यष्टीनं आलात का?

मी डोळे पुसून त्यांच्याकडे बघितलं. हे त्यांनी मगाशी विचारलं होतं. मी पुन्हा हो म्हटलं.

‘‘माजं बी बगा जरा,’’ ते म्हणाले. ‘‘आलाच हाय तर.’’

गळ्यातल्या खोळीतून बॅटरी काढली. त्यांना आत अंधाऱ्या खोलीत नेलं, डोळ्यांना सावलीची सवय होऊ दिली आणि आधी उजव्या, मग डाव्या डोळ्यावर उजेड टाकला. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकत आलेला. बाहुली जराशी आकसली, तीही सावकाश, आणि मग बराच वेळ तशीच राहिली. पुन्हा पाहिलं, तसंच. वयही तेवढं होतं. म्हणून मी समोर बसले आणि प्रश्न विचारले. कोणता महिना? सकाळी काय खाल्लंत? हौसाबाईंच्या भावांची नावं त्यांनी तिन्ही सांगितली, क्रमानं. पुतण्याच्या मुलांची नावं आली नाहीत. ती मुलं त्या वेळी दारातच खेळत होती.

या वेळी मी बोलले. म्हटलं, आबा, मोतीबिंदू आहे. पण त्याच्या मागंही काही असावं असं मला वाटतं. बॅटरीनं पक्कं कळत नाही. पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवू, मी बरोबर येते.

‘‘व्हय. मलाबी वाटतंय,’’ आबा म्हणाले. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. ‘‘पुन्याला जाऊ. पर बाई, मोतीबिंदू काडू नका. ऱ्हाऊ द्या. त्यो हाय तवर लोक हात धरतील.’’

माझं सगळं आयुष्य मोतीबिंदू काढून देण्यात गेलं. मोतीबिंदू ठेवा म्हणणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. पुतण्याला मात्र मी खरं काय ते सांगणार, असं मी म्हटलं. आबा म्हणाले, सांगा, पर त्येला येकट्यालाच. पुतण्या संध्याकाळी कामावरून येणार होता, त्याचा फोन नंबर त्याच्या बायकोकडून लिहून घेतला.

आबा मला रस्त्यापर्यंत सोडायला निघाले. मी त्यांचा हात धरला. वाट त्यांना दिसत होती, तरी ते मी नेईन तसे चालत होते. हापशावर दोन बाया पाणी भरत होत्या. त्यांतली एक हात थांबवून म्हणाली, ‘‘आबास्नी आता दिसत न्हाई व्हय, बाई?’’

आबांची बोटं माझ्या हातावर आवळली गेली.

‘‘मोतीबिंदू आहे,’’ मी म्हटलं. ‘‘दोन्ही डोळ्यांना. एकटं सोडू नका त्यांना.’’

तिनं कळशी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि पुढं येऊन आबांचा दुसरा हात धरला.